टूरिंग बूट लॉग: टाच बसली, आता कफचा प्ले

हा माझ्या स्की टूरिंगच्या बुटाचा लॉग, म्हणजे ज्या बुटाने बर्फाचा डोंगर स्कीवर चढायचा आणि मग उतरायचा तो. मागच्या वेळी शेल, म्हणजे बाहेरचं कडक प्लास्टिकचं कवच, नक्की करण्यापर्यंत आले होते. त्यानंतर लायनर (आतला मऊ बूट) गरम करून पायावर मोल्ड झाला, पंचिंग, म्हणजे शेल गरम करून हाडापाशी बाहेर ताणणं, झालं, चढ-उतार दोन्हीकडे बूट भरपूर वापरूनही झाले, तर आता लिहिण्यासारखं काहीतरी जमलंय. बुटाचं नाव घेत नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे, पण जात सांगून ठेवते: ग्रिलामिड या हलक्या प्लास्टिकचं, कडा एकमेकींवर येणारं ओव्हरलॅप शेल, चार बकल, लास्ट (आतली चवड्याची रुंदी) १०० मिमी, फ्लेक्स (पुढे वाकताना लागणारा कडकपणा) ११५, बाइंडिंग म्हणजे स्कीवरच्या पकडीसाठी पुढे-मागे धातूचे टेक इन्सर्ट्स, आणि मागच्या बाजूला बाहेर दिसणारा वॉक मोडचा लिव्हर, जो कफ (नडगीभोवतीचा वरचा भाग) चालायला मोकळा करतो नाहीतर उतरायला लॉक करतो. माझा साईज २४.५, म्हणजे सेंटिमीटरमध्ये.

या छापील आकड्यांवर फार जीव टाकू नका बरं का. लास्टची रुंदी बहुतेक कंपन्या २६.५ च्या शेलवर मोजून सांगतात, वजनही बऱ्याचदा त्याच साईजचं असतं, म्हणजे माझ्यासारख्या छोट्या पायवाल्यांना शेल हलकं मिळतं पण अरुंदही मिळतं, १०० लिहिलंय म्हणून पाय १०० मध्ये राहील असं होत नाही. अर्ध्या साईजचंही तेच, बहुतेक बुटांमध्ये २४ आणि २४.५ चं शेल एकच असतं, फरक असला तर इनसोलमध्ये नाहीतर लायनरमध्ये. आणि फ्लेक्सला तर सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारं मोजमापच नाही, एकाचा ११० दुसऱ्याच्या १३० ला भारी पडू शकतो, त्यात दुकानाच्या उबेत वाकवून बघितलेला बूट आणि बाहेर गारठलेला बूट हे दोन वेगळे प्राणी. थंडीत प्लास्टिक कडक होतं, पॉलियुरेथेन जास्त, पेबॅक्स आणि ग्रिलामिड त्या मानाने कमी.

शेल फिटचं थोडक्यात: लायनर काढायचा, अनवाणी पाय शेलमध्ये घालायचा, बोटं पुढे जेमतेम टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. उतारावरच जीव असलेले लोक १ सेंमीपर्यंत खाली येतात, दिवसभर चालणारे २ पर्यंत जातात, माझी दीडच्या आसपास आहे. २ च्या वर गेलं तर खालचा साईज बघाच, कारण लायनर वापरून वापरून दबतो आणि मग शेलमधली मोकळी जागा कुठल्याही बकलने भरून निघत नाही.

आता मुद्द्याचं. एवढ्या सगळ्या उठाठेवीनंतर माझं एक मत पक्कं झालंय की टूरिंग बुटात आधी टाच बघायची, बाकी सगळं नंतर. टाच उचलली जात असेल तर चढावर दर पावलाला घासून फोड येणार हे तर झालंच, पण उतारावर आपण काय करतो, पाय हलतोय म्हणून पंजावरचं बकल आवळतो, तिथूनच बोटांकडे रक्त नेणारी धमनी जाते, ती दाबली गेली की बोटं बधिर, मग थंडी वाजते म्हणून जाड मोजे, जाड मोजे घातले की आणखी दाब. मग म्हणायचं बूट थंड आहेत! बरं, टाच वर सरकली की घोटाही वर सरकतो, म्हणजे नडगीने कफवर जो जोर द्यायचा तो उशिरा पोचतो आणि चांगला कडक बूटसुद्धा लेचापेचा वाटतो. किती जण याच कारणाने जास्त फ्लेक्सचा बूट घेऊन बसलेत कुणास ठाऊक.

माझ्या पायाची गंमत अशी की चवडा रुंद आणि टाच बारीक, म्हणजे पुढे जागा करायची आणि मागे भरायची. सुरुवात इनसोलपासून केली. बुटाबरोबर येणारा इनसोल म्हणजे नावापुरता असतो. वजन टाकलं की कमान खाली बसते आणि पाय काही मिलिमीटर लांब होतो, कमानीला नीट आधार देणारा इनसोल घातला की ते लांब होणं कमी होतं आणि टाचही फारशी इकडेतिकडे कलत नाही. मग लायनरच्या बाहेरून, घोट्याच्या हाडाच्या खाली आणि मागे जो खोलगट भाग असतो तिथे इंग्रजी सी च्या आकाराचे फोमचे पॅड चिकटवले. हाडावर नाही, हाडाभोवती! टाचेखाली पाचर टाकायचा सल्लाही मिळाला होता. ज्यांचा घोटा पुढे कमी वाकतो त्यांना तिचा खरंच उपयोग होतो, पण माझा पुरेसा वाकतो, आणि पाचरीने टाच वर आली की शेलमधल्या टाचेच्या खोबणीशी तिचा मेळ बदलतो, म्हणून ते टाळलं.

हे झाल्यावर मोल्डिंग. लायनर ईव्हीए फोमचा आहे, पूर्ण गरम करून पायावर बसवायचा. बोटांवर फोमची टोपी आणि जिथे हाड टोचतं तिथे छोटा पॅड, त्यावर पातळ मोजा, मग गरम लायनरमध्ये पाय, मग शेल. चवड्याखाली पट्टी ठेवून पुढचा भाग थोडा उचलून उभं राहायचं म्हणजे टाच आपोआप मागच्या खोबणीत जाते, बकल नुसती अडकवायची, आवळायची नाहीत, आणि गार होईपर्यंत गप्प उभं राहायचं. या वेळात अंग हलवायची जी इच्छा होते ती विचारू नका. मोल्डनंतर करंगळीपाशी बराच फरक पडला, तरी करंगळीच्या मुळाशी जे हाड बाहेर येतं ते शेललाच लागत होतं. शेल लागत असेल तर लायनर कितीही मोल्ड करा, काही होत नाही.

म्हणून पंचिंग. जागा शोधायची पद्धत मला फार आवडली, हाडाच्या टोकावर लिपस्टिकचा ठिपका, लायनरशिवाय पाय शेलमध्ये, बाजूला दाबायचं, आत लाल डाग उमटतो तो बरोबर मध्यबिंदू. डोळ्याने मी जी जागा दाखवली असती ती जवळजवळ बोटभर पुढे होती. ग्रिलामिड मात्र हट्टी, गरम करत राहा करत राहा काही होत नाही आणि मग एकदम मऊ पडतं, त्याच्या पलीकडे गेलात की पृष्ठभाग बिघडतो. शिवाय ते परत मूळ आकाराकडे सरकतं, त्यामुळे हवी त्यापेक्षा जास्त ताणून, क्लॅम्पमध्येच पूर्ण गार होऊ द्यावं लागतं. हीट गन हातात आहे म्हणून घरी करायचं असेल तर निदान पुढच्या टेक इन्सर्टच्या जवळ जाऊ नका, त्या धातूभोवतीचं प्लास्टिक मऊ पडून इन्सर्ट जरा जरी हललं तर बूट बाइंडिंगच्या दृष्टीने गेलाच. मी फिटरकडूनच करून घेतलं. एका पायाला एकदाच पुरलं, दुसरा आठवड्याने परत आवळला म्हणून पुन्हा ताणला, आता शांत आहे.

चढावर कसा आहे? मस्त. कफची हालचाल ६० अंश सांगतात पण तो आकडा महत्त्वाचा नाही, ती हालचाल किती कमी जोर लावून मिळते ते महत्त्वाचं. लायनरचा मागचा भाग जाड असला तर कागदावर ६० आणि पायाला ४०. माझ्या लायनरला घोट्यामागे मऊ ताणली जाणारी पट्टी आहे, त्यामुळे सपाटीवर लांब पाऊल टाकताना पाय मागे मोकळा जातो. उभ्या चढावर रायझर (टाचेखाली उचलून ठेवायचा बाइंडिंगचा आधार) लावला की तसाही घोटा कमी वाकतो, खरा फरक लांबलचक सपाट दरीत कळतो. चढताना वरची दोन बकल आणि पॉवर स्ट्रॅप (कफच्या वरच्या काठावरचा पट्टा) पूर्ण सुटे, पंजावरचं मात्र पहिल्या दातावर अडकवलेलं ठेवते, टाचेसाठी. किक टर्नला, म्हणजे उभ्या चढावर एकेक स्की उचलून दिशा फिरवताना, स्कीचं पुढचं टोक वर आणायला जी टाचेची झटकी लागते ती आता लगेच पोचते, आधी लायनरमध्येच विरायची.

उतारावर जरा मिश्र. कडक गोठलेल्या बर्फावर हलका ग्रिलामिड बूट जो कडकड निरोप पायापर्यंत आणतो तो पॉलियुरेथेनच्या जड बुटात येत नाही, तिथे प्लास्टिकच धक्के पिऊन टाकतं. हा बूट आधी थोडा वाकतो आणि मग एकदम भिंत लागते. साधा वेलक्रोचा स्ट्रॅप काढून लवचिक बूस्टर स्ट्रॅप लायनरच्या जिभेवर, शेलच्या आतून घेतला, तेव्हापासून ती भिंत बरीच मऊ झालीये, वजन वाढलं ते किरकोळ. पोटरीचंही एक: बायकांची पोटरी बऱ्याचदा खालून सुरू होते, कफचा वरचा काठ रुतायचा, वरच्या बकलची पट्टी एक भोक बाहेर सरकवल्यावर सुटला प्रश्न. भुसभुशीत बर्फात मात्र याच्यापेक्षा जास्त बूट मला नकोच.

आणि आता कुरकुर. बूट स्की मोडमध्ये लॉक करा, खालचं शेल गुडघ्यांमध्ये धरा, कफच्या कडेच्या पिव्होटवर (कफ ज्या खिळीवर फिरतो ती) एक बोट असं ठेवा की अर्धं कफवर आणि अर्धं शेलवर येईल, आणि दुसऱ्या हाताने कफ पुढे-मागे हलवा. प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला टक्क असं कळतं. माझ्या डाव्या बुटात कळतंय, उजव्यात नाही. मागच्या लिव्हरची पट्टी जिथे बसते तिथे ठीक आहे, झीज पिव्होटमधल्या प्लास्टिक बुशिंगची, म्हणजे खिळीभोवतीच्या कड्याची आहे. दर पावलाला कफ हलणार, त्यात वाळू-माती जाणार, म्हणजे झीज तिथेच होणार हे ओघाने आलं, पण इतक्या लवकर व्हायला नको होती, आणि बुशिंग सुटं मिळत नाही, अख्खा पिव्होट सेटच मागवा असं उत्तर आलं. ज्या बुटाचा पिव्होट अॅलन कीने उघडतो त्याला तरी पुढे आयुष्य आहे, रिव्हेट ठोकलेला असेल तर कारागीर शोधा. घेताना हे बघून घ्या, फ्लेक्सच्या आकड्यापेक्षा हे जास्त कामाचं.

स्क्रू ढिले होतात म्हणून थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावणाऱ्यांना एक सूचना, धातूच्या आट्यांवर एक थेंब पुरे, ओघळू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

टेक इन्सर्ट्सबद्दल. फ्रिट्झ बार्थेल नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९८० च्या दशकात बाइंडिंगच्या दोन पिनांनी बुटाचं नाक धरायचं हे डोकं लढवलं तेव्हापासून सगळा हलका कारभार बुटाच्या नाकातल्या त्या दोन छोट्या खळग्यांवर चाललाय. खळगे कडक स्टीलचे असतात पण अमर नाहीत. मी टॉर्च मारून कडा बघते, गोल आहेत की लांबट झाल्यात. आत बर्फ दबला असेल तर पिन पूर्ण बसत नाही आणि बूट ऐन वेळी सुटतो, म्हणून पाय घालायच्या आधी टोकदार काहीतरी फिरवायचं, आणि अडकवल्यावर टाच वर-खाली करून पिन आत फिरवून घ्यायच्या. बूट बदलला की बाइंडिंगचा मागचा भाग नव्याने लावायचा हेही विसरू नका, सोल लेंग्थ (तळाची लांबी) दोन-तीन मिलिमीटरने वेगळी असली तरी फरक पडतो, बूट आणि बाइंडिंगचा मागचा भाग यांच्यामधली फट काही बाइंडिंगना ४ मिमी लागते, काहींना ५.५, काहींना अजिबात नको असते.

सोल नाकाजवळ आणि टाचेच्या कडेला झिजलंय, खडकातून चालण्याचा परिणाम. पिनवाल्यांना त्याचं तेवढं नाही, पण बाइंडिंगचा पुढचा भाग फक्त उतारासाठीच्या अल्पाइन बाइंडिंगसारखा असेल तर रबराची जाडी सुरक्षित सुटण्याशी जोडलेली असते. आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चढायला बुटाखाली लावायचे काटे) घालणाऱ्यांनी बुटाच्या नाकाचा पुढचा काठ शाबूत आहे ना ते बघावं. डायनाफिटच्या टीएलटी ७ सारख्या आखूड नाकाच्या बुटांना तर तो काठच नव्हता, त्यांना वेगळं अडॅप्टर लागायचं.

वाळवण्याबद्दल सगळ्यांना माहीतच आहे, लायनर बाहेर, पण शेगडीजवळ नाही, फोम परत मऊ होऊन मोल्ड बिघडतो. ठेवताना बकल हलकी लावून ठेवते म्हणजे शेलचा आकार राहतो. पिशवीत एक सुटं बकल, थोडी तार, अॅलन की आणि दोन रबरी स्की स्ट्रॅप असतात, खालचं बकल खडकावर आपटून उडालं तर स्ट्रॅपने खाली उतरण्यापुरतं भागतं.

सध्या पिव्होट सेटची वाट बघतेय. लायनर टाचेशी थोडा दबलाय, त्याला अजून एक मोल्ड सहन होईल असं वाटतं, पण आधी पिव्होट, कारण प्ले तसाच ठेवून लायनर बसवला तर कफ घट्ट झाल्यावर नडगीची जागा परत बदलणार. उजव्याचाही पिव्होट बरोबरच बदलावा का यावर मात्र विचार चालू आहे, उघडायचा तर आहेच साफ करायला, सेटही जोडीनेच येतोय.