वाकडं, पण उभं

आज इंग्लंडच्या चेशायरमधलं लिटल मोर्टन हॉल पाहिलं. खंदकाच्या पाण्यात काळ्या-पांढऱ्या लाकडी घराचं प्रतिबिंब, आणि खरं सांगते, प्रतिबिंब जास्त सरळ वाटत होतं! घराची एकही रेघ ओळंब्यात नाही.

१५०० नंतर शंभरेक वर्षं मोर्टन घराणं त्यात भर घालत राहिलं. ओकचा सांगाडा, मध्ये काठ्या विणून त्यावर मातीचा लेप. म्हणजे आपला कूडच की! आजोळच्या पडवीची आठवण झाली. सगळ्यात वर नंतर बांधलेलं लांबलचक दालन आहे, साधारण २१ मीटर. पावसाळी दिवसांत घरातल्यांनी तिथे शतपावली करायची. त्यावर छप्पर मात्र जड दगडी फरश्यांचं. त्या भाराने खालचं लाकूड वाकलं. आतून चालताना जमीन बोटीसारखी लागते. मी तर भिंत धरूनच गेले.

पण मन अडकलं ते चौकातल्या खिडक्यांपाशी. वर लाकडात कोरलंय: विल्यम मोर्टनने १५५९ साली या करवल्या आणि रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने घडवल्या. मालकाच्या जोडीला सुताराचं नाव! आपल्याकडे किती वाड्यांच्या सुतारांची नावं ठाऊक आहेत आपल्याला?

सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धानंतर घराण्याकडे पैसा उरला नाही, घर कुळांकडे गेलं. म्हणूनच कुणी ते पाडून नवं बांधलं नाही. १९३८ पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. दर्जा ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च संरक्षण.

फोटो कमेंटमध्ये टाकते. तिरके आलेत, पण दोष माझ्या हाताचा नाही!