पंखा बंद ठेवण्याचे दिवस

ऑक्टोबरच्या दुपारी ठाण्यात पंखा बंद करून बसलेला माणूस एकतर तापाने फणफणलेला असतो, नाहीतर बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे छोटे विमान जोडत असतो. मी दुसऱ्या जातीचा. महिना लागला त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर विमानाच्या पंखांच्या फासळ्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. हिने सवयीने बटण दाबले, आणि ज्या विमानाला उडायला अजून दोन महिने होते त्याच्या पाच-सहा फासळ्या समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन आल्या. एक फ्रिजखाली मिळाली, एक सापडलीच नाही. उरलेल्या फळीतून तिची बदली कापावी लागली.

हे लाकूड हातात घेतले की कोणीतरी आपल्याला फसवते आहे असे वाटते. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो, तर बाल्सा साधारण १६०. इक्वेडोरमध्ये हे झाड पाच-सात वर्षांत तोडायला येते. स्पॅनिशमध्ये बाल्सा म्हणजे तराफा. नॉर्वेचा संशोधक थॉर हेयरदाल १९४७ साली याच ओंडक्यांच्या तराफ्यावर बसून पेरूहून १०१ दिवसांत पॉलिनेशियाला पोहोचला. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या अंगातही बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्साच भरलेला होता. इतके सगळे ऐकून घेतल्यावर ही म्हणाली, "अहो, ते खरं, पण जेवायला बसायचं कुठे?"

टेबल मात्र सुटले नाही, कारण एकदा टाचण्या टोचल्या की काम हलवता येत नाही. मऊ पाटीवर आराखडा, त्यावर मेणकागद, आणि त्यावर आराखड्यातल्या रेषेवर एकेक काडी. पाते नवे हवे. बोथट पात्याखाली बाल्सा कापला जात नाही, चेंगरतो. क्षणात चिकटणारा गोंद मी वापरत नाही, कारण तो हवेतल्या ओलाव्यानेच धरतो आणि आमच्या हवेत चूक सुधारायला उसंत देत नाही. पांढरा फेविकॉल बरा. त्याला रात्रभर थांबावे लागते, आणि सकाळी टाचण्या काढून पंख आराखड्यावरून अलगद उचलताना तो कागदाच्या नळीइतका हलका आणि तरीही ताठ लागतो.

सांगाडा पूर्ण झाला, आणि येथेच माझे घोडे अडले. आता त्यावर पातळ कागद चढवायचा, पाणी शिंपडायचे, वाळताना तो डफासारखा ताणला जाईल, हे मला ठाऊक आहे; पण कागद चढला की आतल्या फासळ्या आणि खाचा झाकल्या जाणार. गेले दहा दिवस विमान तसेच उघडे कपाटावर आहे.

बाबांचेही असेच होते. नौपाड्यातल्या घरी दसरा झाला की ते कामट्या तासून, दोऱ्याने गाठी मारून कंदिलाचा सांगाडा बांधत. पतंगी कागद लावणे हे आम्हा मुलांचे काम, आणि खळ पातेल्यात गार होऊन तिच्यावर साय धरेपर्यंत आम्ही ताटकळत असू, कारण बाबा तो उघडा सांगाडा खिळ्याला टांगून दिवसभर येता-जाता त्याच्याकडे पाहत. आम्हाला तो निव्वळ उशीर वाटे. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावर शेवटचा कंदील निघाला. कागद गेला होता, खळ झुरळांनी फस्त केली होती. एकही गाठ मात्र सैल झाली नव्हती. सामान हलवण्याच्या धांदलीत तो कुठे गेला ते कळले नाही, आणि मीही विचारले नाही.

काल दिवाळीच्या साफसफाईसाठी कपाट सरकवले, तेव्हा मागे धुळीत हरवलेली फासळी मिळाली. तिची जागा केव्हाच भरली होती. तरी झटकून मी ती आराखड्यातल्या तिच्या रेषेवर ठेवून पाहिली, तंतोतंत बसली.

मग उठलो आणि पंखा लावला.