कॅपमध्ये बसतो का?

रग्बी लीगचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो आणि मार्चमध्ये पुन्हा सुरू होतो. मधले पाच महिने सिडनीच्या पश्चिमेकडची माणसं काय करतात, तर दुसऱ्याच्या पैशाने खेळाडू विकत घेतात.

आमचं घर वेंटवर्थव्हिलला. पॅरामॅटाहून ट्रेन निघाली की वेस्टमीडच्या पुढचं स्टेशन. या पट्ट्यात मराठी घरं बरीच. मुलगा इथल्या शाळेत जायला लागला की दोन-तीन वर्षांत घरात एक निळी-पिवळी जर्सी येतेच. क्लबचं नाव पॅरामॅटा ईल्स, जर्सीवर वाम. (आमच्या रत्नागिरीच्या वहिनींनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खेळाबद्दल चकार शब्द न काढता ‘इकडे वाम ताजी मिळते का गं?’ एवढंच विचारलं.) खेळ समजायला सोपा आहे. तेरा-तेरा जण, सहा वेळा अडवले गेलात की चेंडू समोरच्याचा. तो मला एका मोसमात कळला. कोण कुठल्या क्लबात जाणार यावरच्या गप्पा कळायला मात्र पुष्कळ वेळ गेला, आणि एकदा कळल्यावर सामन्यांपेक्षा त्याच जास्त आवडायला लागल्या.

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव टीव्हीवर होतो. हातोडा पडतो, आकडा पडद्यावर झळकतो, कुणाच्या थैलीत किती उरले तेही दिसतं. रात्रीपर्यंत सगळा सोक्षमोक्ष. इथे लिलाव नाही. एनआरएल म्हणजे नॅशनल रग्बी लीग, इथली मुख्य स्पर्धा. तिच्यातल्या प्रत्येक क्लबाला पगारांवर सारखीच मर्यादा घालून दिलेली आहे, तिला सगळे नुसतं ‘कॅप’ म्हणतात. २०२३ साली पहिल्या ३० खेळाडूंसाठी ती साधारण १ कोटी २१ लाख डॉलर होती. म्हणजे एकूण किती उधळायचे ते अख्ख्या गावाला ठाऊक. पण त्यातले कुणाला किती, हे ना क्लब सांगत ना लीग. बेरीज जाहीर, आकडे झाकलेले. असलं गणित समोर टाकल्यावर माणूस स्वस्थ कसा बसेल? त्यात करार संपला की खेळाडू मोकळा. नव्या क्लबाने जुन्याला दमडी द्यावी लागत नाही. तेव्हा ‘अमुक चांगला आहे’ या वाक्याला इथे काडीची किंमत नाही. चांगला कोण नाही? प्रश्न एकच असतो: कॅपमध्ये बसतो का?

ग्रॅनव्हिलला एक लेबनीज न्हावी आहे, मुलाचे केस आम्ही त्याच्याकडे कापतो. त्याच्या आरशाच्या कडेला एक चौघडी घातलेला कागद खोचलेला असतो. मी एकदा विचारल्यावर त्याने तो मोठ्या विश्वासाने उघडून दाखवला. एकाखाली एक तीस नावं, काही नुसते रकाने, पेन्सिलीने लिहिलेले हजारातले आकडे. एका प्रॉपपुढे (पुढच्या फळीतला आडदांड गडी) ७०० लिहून खोडलं होतं, वर ६५०, शेजारी प्रश्नचिन्ह, त्या प्रश्नचिन्हाला दोनदा गोल. तळाशी बेरीज. ही बेरीज कॅपच्या वर गेली की तो बसल्या बसल्या कुणाचा तरी पगार कमी करतो. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो की ग्रॅनव्हिलला आपले पन्नास हजार कापले गेले. मुलगा खुर्चीत मान वाकवून बसलेला, न्हाव्याची कात्री हवेत थांबलेली, आणि दोघांचा वाद चाललाय तो राखीव हूकरला (अडवल्यावर चेंडू उचलून पुढे देणारा) किती द्यावेत यावर. अर्धा कान उघडा, अर्धा केसांखाली, अशा अवस्थेत माझा मुलगा म्हणाला, ‘चारशेच्या वर एक डॉलर नाही.’ इतका कठोर तो गणिताच्या पेपरात कधी झाला नव्हता.

पुरावे कसे गोळा होतात, हा तर निराळाच विभाग. एखाद्या खेळाडूने घर विकायला काढलं. त्याच्या बायकोने इन्स्टाग्रामवर ब्रिस्बेनच्या शाळेचं पान फॉलो केलं. एका कोचबरोबर तो कॉफी पिताना दिसला, आणि तीही फ्लॅट व्हाइट, म्हणजे निवांत बसून. यातलं एकही न्यायालयात टिकणार नाही, पण ट्रेनच्या डब्यात एवढ्यावर माणूस दोषी ठरतो. त्यात भर मॅनेजर लोकांची. खेळाडूचा भाव वाढवायचा असेल तर ‘पॅरामॅटाला रस आहे’ एवढी पुडी सोडली की पुरते. पॅरामॅटाच का? स्टेडियमशेजारी क्लबाचं मोठं लीग्ज क्लब, म्हणजे सभासदांचं खाण्यापिण्याचं ठिकाण, आहे. तिथल्या जुगाराच्या मशिनींवर इथल्या रग्बी लीगचा बराच डोलारा उभा असतो, हे न्यू साउथ वेल्समध्ये कुणी लपवत नाही. पैसेवाल्या घराचं नाव घेतलं की समोरचा घाबरतो. त्यामुळे दर मोसमात निम्म्या नामांकित खेळाडूंशी आमचं नाव जोडलं जातं, आणि त्यातले बहुतेक आपापल्या जुन्या क्लबात वाढीव पगार घेऊन राहतात. आम्ही नुसते भाव चढवायला. हे सगळ्यांना कळतं. तरी पुढची पुडी सुटली की सगळे पुन्हा कागद काढतात.

पण या खेळातली खरी विचित्र गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला आमच्या सासूबाईंमुळे दिसली. करार संपायला एक हंगाम उरला की १ नोव्हेंबरपासून खेळाडूला दुसऱ्या क्लबांशी उघड बोलता येतं. बोलता येतं म्हणजे सहीही करता येते. म्हणजे नोव्हेंबरात त्याने शेजारच्या क्लबाशी करार केला, तरी पुढचं अख्खं वर्ष तो तुमचीच जर्सी घालून खेळतो. २०२२ साली सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. माहेर कुस्तीवेड्या गल्लीतलं, त्यामुळे सव्वाशे किलोचा गडी पळत येऊन दुसऱ्याला धडकतो याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. पायात कुणी पट काढत नाही, एवढीच त्यांची तक्रार. त्या वर्षी ईल्स चांगले खेळत होते. सामना बघताना नातू त्यांना प्रत्येकाची माहिती द्यायचा.

‘आजी, हा रीड महोनी. पुढच्या वर्षी बुलडॉग्जकडे. हा पापालिई, वेस्ट्स टायगर्सकडे. तो निउकोरे, तो न्यूझीलंडला वॉरियर्सकडे.’

‘सगळ्यांचं ठरलंय?’

‘हो.’

‘मग हे अजून इथे कसे?’

‘नोटीस पीरियडवर आहेत, आई,’ नवरा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

आयुष्यभर आयटीत काढलेल्या माणसाला एवढं एका फटक्यात कळतं. पुण्यात तीन महिन्यांच्या नोटिशीवर असलेला माणूस कसा काम करतो, ते त्याने स्वतः केलंय आणि दुसऱ्यांकडून करूनही घेतलंय: मीटिंगला कॅमेरा बंद, चार वाजता दुसरा चहा, आणि ‘केटी’च्या (आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या) नावाखाली दोन पानांचं डॉक्युमेंट. इथे तसं नव्हतं. हे लोक जीव तोडून खेळत होते. सासूबाईंचा विश्वास बसेना. जाणाऱ्या माणसाने एवढं का पळावं? त्यांनी त्या दिवसापासून सामना बघायची पद्धत बदलली. चेंडू कुठे आहे ते सोडून जाणाऱ्यांवर नजर. पापालिई अडवायला आला की ‘बघ, मन लावून करतोय हो,’ आणि जरा दमून कमरेवर हात ठेवून उभा राहिला की ‘झालं, निघाला.’ मी हसत होते खरी, पण स्टेडियममधले तीस हजार लोक काही निराळं करत नव्हते.

त्या वर्षी आम्ही ग्रँड फायनलला पोचलो. २ ऑक्टोबर, नवरात्रातली सप्तमी. सासूबाईंनी घट बसवले होते, त्यामुळे मुलाला सामन्याआधी देवापुढे हात जोडायला लागले. तो न सांगता जोडायला गेला, ही पहिलीच खेप. समोर शेजारचं पेनरिथ. मध्यंतराला त्यांचे १८, आमचे ०; शेवटी २८–१२ ने हरलो. आणि त्यानंतर निघणारे निघाले.

पेनरिथचं उदाहरण इथे सगळे देतात, बरेचदा दात-ओठ खाऊन. त्यांनी २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं विजेतेपद जिंकलं आणि दरवर्षी चांगले गडी गमावले, कारण जिंकणाऱ्या पोरांचे भाव वाढतात आणि कॅप कुणासाठी वाढत नाही. जिंकणाऱ्याच्या छपराला गळती लागावी म्हणूनच ही व्यवस्था केलेली आहे. बाकीच्यांनी खाली बादल्या लावायच्या. आमच्या बादलीत २०२५ साठी इसाया इओंगी हा फुलबॅक पडला, तेव्हा घरात पेढे वाटले नाहीत एवढंच.

ईल्सच्या जुन्या समर्थकांशी बोलताना कॅप हा शब्द मात्र जपून काढावा. १९८१, ८२, ८३ आणि ८६ अशी त्यांची चार विजेतेपदं, त्यानंतर एकही नाही. पहिल्या विजेतेपदाच्या रात्री लोकांनी आनंदाच्या भरात आपलंच जुनं मैदान, कंबरलँड ओव्हल, पेटवून दिलं होतं. २००९ ला ते अंतिम सामन्यात मेलबर्न स्टॉर्मकडून २३–१६ हरले. सहा महिन्यांनी कळलं की स्टॉर्मने कॅप मोडून गुपचूप जास्त पैसे दिले होते. त्यांची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली गेली. आता ते आपल्याला मिळणार, असं इथे अनेकांना वाटलं. नाही मिळालं. त्या वर्षापुढे नावच नाही. हा सल उरात बाळगून लोकांनी स्टॉर्मला सहा वर्षं शिव्या दिल्या, आणि २०१६ मध्ये नेमकं पॅरामॅटाच कॅपच्या घोटाळ्यात सापडलं. १२ गुण कापले, १० लाख डॉलर दंड, वर त्याच वर्षी जिंकलेली नाइन्सची (नऊ-नऊ जणांची) स्पर्धाही परत घेतली. माझ्या ऑफिसातले एक वयस्क गृहस्थ या दोन्ही गोष्टी सलग सांगतात. पहिली सांगताना टेबलावर हात आपटतात. दुसरी सांगताना ‘ते जरा गुंतागुंतीचं होतं’ म्हणतात.

आणि आता कोच कुठून आणला? मेलबर्नहून. जेसन राइल्स तिथे सहाय्यक होता. कोच आला की तो ओळखीची पोरं आणणार, हे गृहीतच. त्यामुळे अख्खा स्टॉर्मचा संघ आमच्याकडे येऊन गेला, कागदावर. प्रत्यक्षात आला तो जोना पेझेट, आणि त्याचीही तऱ्हा बघा: २०२६ चं एक वर्ष पॅरामॅटात, आणि २०२७ पासून ब्रिस्बेनशी करार आधीच झालेला. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हा तर यायच्या आधीच निघालाय.

पेझेटसाठी जागा रिकामी झाली ती डिलन ब्राउन गेल्यामुळे. तो ईल्सच्याच ज्युनियर संघांतून वर आलेला, लोकांचा लाडका. त्याचा पॅरामॅटाशी २०३१ पर्यंतचा करार होता, पण त्यात बाहेर पडायच्या वाटा ठेवलेल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये त्याने न्यूकॅसलशी दहा वर्षांचा करार केला. बातम्यांत आकडा आला १ कोटी ३० लाख डॉलर. त्या दिवशी मुलगा जेवला नाही, असं मी लिहिलं असतं तर लेख जरा चांगला झाला असता. पण तो व्यवस्थित जेवला. जेवता जेवता त्याने मोकळ्या झालेल्या पैशांत दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर बसवले आणि दुसऱ्या पोळीपर्यंत त्याचा मूड सुधारला. मला वाटतं, हीच या गप्पांची खरी सोय आहे. माणूस गेला तर निदान त्याचा पगार तरी आपल्याकडे राहतो.

पैसे मोकळे झाल्याचं सुखही फार टिकत नाही म्हणा. झॅक लोमॅक्स मोठा करार करून आला, एक हंगाम खेळला आणि आर३६० नावाच्या नव्या स्पर्धेसाठी सुटका मागून निघाला. पाठोपाठ ती स्पर्धाच २०२८ पर्यंत पुढे ढकलली गेली. न्हाव्याने त्या नावावर रेघ मारली ती इतक्या जोरात की कागद फाटला. आता तिथे सेलोटेप आहे.

आमच्या ओळखीत एक सीए आहेत, मूळचे नाशिकचे. त्यांना खेळात काडीचा रस नाही, पण सध्या ते आमच्याकडच्या चर्चेचे अध्यक्ष आहेत. कारण २०२७ ला पर्थचा क्लब येतोय आणि २०२८ ला पापुआ न्यू गिनीचा. दोघांनाही रिकाम्या पाटीवर तीस-तीस नावं लिहायची आहेत, म्हणजे सगळ्यांच्याच कागदांची वाट लागणार. त्यात पापुआ न्यू गिनीच्या सरकारने आपल्या संघातल्या खेळाडूंचा पगार करमुक्त करायचं जाहीर केलंय. सीए काकांचे डोळे हे ऐकून जे चमकले ते अजून चमकतायत. पोर्ट मोर्स्बीचे सात लाख म्हणजे सिडनीचे किती, यावर त्यांनी मुलाला एक्सेलची शीट करून दिली आहे. मुलगा म्हणतो, कॅप सगळ्यांना सारखी मग हा अन्याय आहे. काका म्हणतात, अन्याय नाही, प्लॅनिंग आहे. नवरा म्हणतो, तिकडे राहावंही लागेल ना. मला विचाराल तर हे तिघंही नको तिथे डोकं लावतायत. आमच्या क्लबाने एक दणकट प्रॉप घ्यावा, तिशीच्या आतला, गुडघे शाबूत असलेला. साडेसहाशेपर्यंत द्यायला माझी हरकत नाही.