आउटबोर्डचा गिअर सुटतो तेव्हा: नुसता डॉग क्लच बदलून भागत नाही

आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे लावलेल्या मोटरचा, थ्रॉटल वाढवला की खालून खट्-खट् आवाज, होडीची ओढ तुटते, मग पुन्हा पकड येते. याला गिअर सुटणं म्हणतात. पण लगेच लोअर युनिट (मोटरचा गिअर असलेला खालचा भाग) खोलू नका. आधी बघा, इंजिनवरचा शिफ्ट लिव्हर दोन्ही बाजूंना पूर्ण जातोय का. केबल थोडी सैल असली तरी डॉग क्लच (गिअरच्या दातांत अडकून प्रॉपेलर फिरवणारा भाग) अर्धाच अडकतो आणि लक्षणं हुबेहूब तीच दिसतात.

केबल ठीक असेल तर आधी स्पार्क प्लगच्या वायरी काढा, मग गिअर ऑइल काढा. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय, सील गेलेत. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा चालतो. हाताला टोचणारे तुकडे चालत नाहीत.

शिफ्ट रॉड सोडवून युनिट खाली घ्या. ट्रिम टॅबखाली (प्रॉपेलरच्या वरच्या छोट्या पंखाखाली) लपलेला बोल्ट विसरला तर कितीही ओढा, ते सुटत नाही. प्रॉपेलर काढल्यावर मागचा बेअरिंग कॅरिअर (प्रॉप शाफ्टचं बेअरिंग धरणारा भाग) पुलरने ओढायचा. खारट पाण्यात वापरलेल्या मोटरमध्ये तो मिठाने गच्च धरलेला असतो. अशा वेळी बाहेरच्या हाउसिंगला बेताची उष्णता द्या. हातोडा मारलात तर कॅरिअरचे कान तुटतील. कॅरिअर रिंग-नटाने धरलेला असेल तर त्यावर कोरलेल्या बाणाची दिशा बघूनच फिरवा.

आता प्रॉप शाफ्टवरचा डॉग क्लच हातात घेऊन दात निरखा. चांगल्या दाताची कड नखाला लागते. झिजलेल्याची गोल आणि चकचकीत होते. बऱ्याच डॉगचे दात आतल्या बाजूला किंचित कललेले असतात, म्हणून भार आला की ते गिअरमध्ये आणखी खेचले जातात. कड गोल झाली की तोच भार त्यांना बाहेर ढकलतो.

डॉग प्रॉप शाफ्टबरोबरच बाहेर येतो, म्हणून तेवढाच बदलून मोकळं होण्याचा मोह होतो. पण फॉरवर्ड (होडी पुढे नेणाऱ्या) गिअरचे दातही तसेच गोल झाले असतील, तर नवा डॉगही लवकरच झिजेल. जोडीच बदला. त्यासाठी पिनियन नट (इंजिनकडून खाली येणाऱ्या शाफ्टवरचा छोटा गिअर धरणारा) सोडावा लागतो. नट नवाच घ्या, आणि शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) कुठून निघाल्या ते चिठ्ठी लावून ठेवा. गिअर बदलल्यावर बॅकलॅश (दातांमधली मोकळी हालचाल) मॅन्युअलप्रमाणे मोजल्याशिवाय बंद करू नका.

डॉगची आडवी पिन धरणारी स्प्रिंग गुंडाळताना वेटोळे एकमेकांवर चढू देऊ नका. काही मॉडेलमध्ये ती काढताना आतले छर्रे उडतात, खाली फडकं अंथरा.

जोडताना सील आणि ओ-रिंग नवे. ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनकडून खाली येणाऱ्या) स्प्लाइनच्या, म्हणजे खाचांच्या, बाजूंना ग्रीस लावा, वरच्या टोकावर मात्र नाही. तिथे ग्रीस दाबून राहिलं तर शाफ्ट पूर्ण बसत नाही. ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. आधी वरचा स्क्रू लावा, मगच खालची नळी काढा.

शेवटी केबल नव्याने लावा: न्यूट्रलला प्रॉपेलर हाताने सहज फिरला पाहिजे. आणि चालवताना आयडलवर गिअर झटक्यात टाका. हळूच, जपून ढकलणारेच डॉगचे दात एकमेकांवर घासून संपवतात.