लाइन गेली अन् चिकन गोवऱ्यांवर गेलं

बहिणीनं नागपूरहून येताना तिचा जुना ओटीजी, म्हणजे लाइनवरची छोटी भट्टी, आणून दिला, तेव्हापासून पोरगं मागंच लागलं होतं, मोबाइलमधी दिसते तसं चीजवालं बेक चिकन कर म्हणून. आमच्या यवतमाळकडे कोंबडी म्हटलं की वर तर्री पाहिजे, नाहीतर पाहुणा घरी जाऊन नाव ठेवते. तरी म्हटलं होऊन जाऊ द्या.

अर्धा किलो बोनलेस चिकनला दही, अद्रक-लसण, मिरं लावून दुपारीच मुरत ठेवलं. आलू अर्धे उकडून घ्या बरं, नाहीतर कोंबडी शिजते अन् आलू कचकच लागतात. शिमला मिरची, गाजर, फुलकोबी मोठ्या आचेवर परतून पाणी उडवायचं, मागच्या खेपेला मी ते केलं नाही तर ट्रेमधी रस्साच झाला अन् चीज वर पोहत होतं. अन् गावच्या दुकानातले प्रोसेस्ड क्यूब वितळतात पण तार सुटत नाही, त्याला मोझरेलाच लागते.

200 डिग्रीवर ठेवलं, वास सुटला, अन् गेली लाइन! इन्व्हर्टरवर पंखा चालते, ओटीजी कुठला. त्याचा टायमर मात्र चावीचा, तो अंधारातही टिकटिक करत राहिला अन् वेळ झाली तसा टिंग वाजला, जसं काही शिजलंच. तुकडा कापला तर मधात गुलाबी.

सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, "काहून बसली वो हातावर हात देऊन? रोडगे काय लाइनवर भाजतो आपण?"

खरंच की, रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, ते तर गोवऱ्यांवरच भाजतो. अंगणात गोवऱ्या पेटवल्या, धूर सरून लाल निखारे झाल्यावर सगळं जाड बुडाच्या गंजात घातलं, वर चीज, वरून परात झाकली, निखारे खाली थोडे अन् परातीवर जास्त, कारण चीजला लाली वरच्या आचेनंच येते, खाली जास्त झाले की बुड लागते. वीसेक मिनिटांनी परात उचलली तर चीजवर तपकिरी फोड आलेले, कडेला चिमूटभर राख पडली होती ती चमच्यानं काढली. आता तुकडा दाबला तर रस गुलाबी नव्हता.

पोरगं तार ताणत बसलं. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, "चांगलं हाये," म्हणाल्या, "पण तर्री कोठी हाये?" अन् सकाळच्या वरणात भाकर कुस्करली.