उश्मालला पाणी कुठून यायचं?

मेक्सिकोतल्या माया लोकांच्या प्राचीन नगरांचे अवशेष बघायचे म्हटलं की बहुतेक जण चिचेन इत्झा गाठतात. आम्ही उश्मालला गेलो, त्यामागे अभ्यास वगैरे काही नव्हता. मुक्काम मेरिदा शहरात होता, तिथून उश्माल गाडीने तासाभरावर, आणि नाताळात चिचेन इत्झाला कसली झुंबड असते याच्या कहाण्या ह्यूस्टनमधल्या मित्रमंडळींनी रंगवून सांगितल्या होत्या. उन्हाच्या आत पोचायचं ठरलं होतं. पण मुलांच्या टोप्या, आईचा गुडघ्याचा पट्टा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीत चढेपर्यंत ऊन आमच्या पुढे निघून गेलं होतं.

आत शिरताच समोर जादूगाराचा पिरॅमिड. उंची साधारण 35 मीटर, आणि पायथा चौकोनी नसून लंबगोल. अंड्यातून जन्मलेल्या एका बुटक्याने राजाशी पैज लावून तो एका रात्रीत उभा केला, अशी दंतकथा. "पांडवच की हे," आई म्हणाली. तिच्या माहेरच्या परिसरातलं प्रत्येक लेणं आणि देऊळ पांडवांनी एका रात्रीतच उरकलेलं आहे. प्रत्यक्षात हा पिरॅमिड पाच टप्प्यांत, जुन्यावर नवं देऊळ चढवत वाढत गेला. वर चढायला आता बंदी आहे. आईच्या गुडघ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मुलं रुसली आणि चौथऱ्यावर ऊन खात पडलेल्या इग्वानांच्या मागे लागली. त्या घोरपडींना कुणाचीच पर्वा नव्हती.

मागच्या चौकाला स्पॅनिश लोकांनी जोगिणींचा मठ असं नाव देऊन टाकलं, कारण त्यांना खोल्यांची रांग दिसली की मठच आठवायचा. तिथल्या भिंतींच्या कोपऱ्यांवर एकावर एक रचलेले मुखवटे आहेत: बटबटीत डोळे, आणि पुढे आलेलं, टोकाला वळलेलं लांब नाक. आईने हात जोडले. तो गणपती नाही, चाक नावाचा पावसाचा देव आहे, असं मी सांगितल्यावरही तिने जोडलेले हात सोडले नाहीत. पाऊस पाडतो ना, मग नमस्कार वाया जात नाही, हा तिचा हिशोब.

आणि उश्मालमध्ये हिशोब सगळा पावसाचाच आहे. युकातान द्वीपकल्पाच्या या भागात नदी नाही. जमीन चुनखडीची, पडलेलं पाणी सरळ खाली झिरपून जातं. उत्तरेकडे सपाटीवर निदान सेनोटे तरी आहेत, म्हणजे छत कोसळून उघडे पडलेले नैसर्गिक डोह. चिचेन इत्झा त्यांच्याच जिवावर वसलं. इथल्या पूक टेकड्यांत भूजल इतकं खोल की डोहांचाही आधार नाही. तरी नवव्या शतकाच्या सुमारास इथे हजारो लोक नांदत होते, ते पावसाचं पाणी साठवून. तळी होती, आणि होते चुलतून: खडकात खोदलेली, बाटलीच्या आकाराची टाकी. आतून गिलावा, वर अरुंद तोंड, आणि भोवतालची फरसबंदी तोंडाकडे उतरती, म्हणजे पडलेला थेंब दुसरीकडे जायलाच नको.

वाटेवरच असं एक तोंड आहे. सगळे फोटो काढून पुढे निघाले, आई तिथेच थांबली. तिचं बालपण माण तालुक्यात गेलं. उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीने पाणी भरलेलं तिने पाहिलेलं आहे. वाकून आत बघत तिने पहिला प्रश्न विचारला, "गाळ कोण काढायचं?" मी तो गाइडला इंग्रजीत विचारला. तो स्वतः माया, जवळच्याच खेड्यातला. पिरॅमिडपाशी पाठ केलेलं बोलणारा तो माणूस या प्रश्नावर एकदम खुलला आणि आपल्या आजोबांच्या मक्याच्या शेतावर गेला. पाऊस लांबला की गावात आजही चा-चाक करतात म्हणे. रानात वेदी मांडायची, जमिनीतल्या भट्टीत भाजलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या ठेवायच्या, आणि वेदीच्या चार कोपऱ्यांशी चार मुलगे बसवायचे. त्यांनी बेडूक होऊन ओरडायचं. लहानपणी तोही बसला होता. कसं ते त्याने घशातून काढून दाखवलं, तेव्हा शेजारून जाणारं एक जर्मन जोडपं दचकलं.

मी भाषांतर पुरं करायच्या आत आई सुरू झाली होती. तिच्या गावात धोंडी काढायचे. लिंबाचा पाला नेसलेलं पोर, मुसळाला बांधलेला बेडूक, दारोदारी फेरी, आणि प्रत्येक घरच्या बाईने त्यांच्यावर घागर ओतायची. "पिण्यापुरतं पाणी नसलं तरी हात आखडायचा नाही," तिने बजावलं, जणू गाइडच्या घरी उद्या धोंडी यायची होती. नऊ-दहा हजार मैलांच्या अंतरावर दोन रानांतल्या लोकांना पावसाला हाक मारायला बेडूकच का सुचावा, याचं उत्तर सोपं आहे: पाऊस आला की तोच आधी बोलतो. तरी मला ते सोपं उत्तर पुरेना.

निघताना गाइडने राणीची गोष्ट सांगितली. 1975 मध्ये इथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याला इंग्लंडची राणी एलिझाबेथ आली होती. भर कोरड्या हंगामात, ध्वनिफितीवर चाकची प्रार्थना लागली आणि पाऊस असा कोसळला की बड्या पाहुण्यांची धांदल उडाली. मुलं हसली. आईने मात्र शांतपणे विचारायला लावलं, "त्या दिवशी बेडूक कोण झालं होतं?"