पाणी सपाट दिसतंय, पण वारा कुठून येतोय?

समुद्रात उतरायचं म्हटलं की मी आधी आडोशाची जागा शोधतो. दोन्ही बाजूंनी खडकांच्या सोंडा समुद्रात गेलेल्या, मधे छोटासा वाटोळा किनारा, आणि लाटा त्या सोंडांना वळसा घालून आत येईपर्यंत पार दमलेल्या. मास्क-स्नॉर्कल (डोळ्या-नाकावरची काच आणि तोंडात धरायची श्वासाची नळी) पहिल्यांदाच लावणार असाल तर याहून बरी जागा नाही.

नवीन लोक सरळ मधे खोलात जातात आणि तिथे खाली नुसती वाळू, मग म्हणतात काही दिसलंच नाही. अहो, सगळा मामला कडेला खडकापाशी असतो, दोन-तीन मीटर पाण्यात, आणि तिथे रंगही शाबूत असतात, खोल गेलात की सगळ्यात आधी लाल रंग गायब होतो. मागे एकदा एका कपारीच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला, कुणीतरी जेवून ताट बाहेर सरकवल्यासारखा. थांबून बघत राहिलो तर शेजारचा दगड हळूच फुगला आणि परत बसला. ऑक्टोपस! (पाण्यात मास्कमधून सगळं साधारण तीस टक्के मोठं दिसतं, त्यामुळे माझ्या ऑक्टोपसची साइज तेवढी कमी करून घ्या.)

डुबकी मारून जवळून बघायचं असेल तर नाक दाबून हलकेच फुंकायचं, कान दुखायच्या आधीच, आणि दुखलाच तर वर यायचं, जोर करायचा नाही. जास्त वेळ दम टिकावा म्हणून आधी भराभर श्वास घेण्याचा उद्योग तर अजिबात नको, त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

आता माझा गाढवपणा. सकाळी लवकर गेलो, पाणी एकदम काचेसारखं, तोंड खाली घालून मजेत तरंगत राहिलो आणि मान वर केली तर किनाऱ्यावरची माझी पिशवी ठिपक्याएवढी. शाळेत खारे वारे मतलई वारे घोकलं होतं पण ते डोक्यात कुठे राहतंय! जमिनीकडून वारा होता, मागच्या टेकडीमुळे किनाऱ्यावर तो लागतच नव्हता, आणि त्याच्यामुळेच पाणी सपाट होतं. सोंडेच्या पुढे गेलो तसा त्याने मला बाहेर ढकललं. सरळ किनाऱ्याकडे पाय मारून दमलो, मग आडवा पोहत सोंडेच्या आडोशाला आलो आणि खडकाच्या कडेकडेने परत. जायला दहा मिनिटं, यायला पाऊण तास, पोटऱ्यांना गोळे आले ते वेगळंच.

तेव्हापासून उतरण्याआधी कोरड्या वाळूची मूठ हवेत सोडून बघतो, आणि तेवढ्यावर न थांबता लांबच्या पाण्यावर बारीक सुरकुत्या कुठल्या दिशेला पळतायत तेही. समुद्राकडे पळत असतील तर सोंडेच्या निम्म्यातून परत फिरतो. तसाही ऑक्टोपस त्याच्या अलीकडेच राहतो.